हॉर्नच्या तबकडीचे तीन स्क्रू

पोरांनो, आमच्या गाडीचं स्टिअरिंग मी बिघडवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आजोबांना हे कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला दोन ओळीही लागू नयेत.

गाडी म्हणजे तीच, जिच्यात बसून तुम्ही सुट्टीत अंगणातल्या अंगणात गोव्याला जाऊन यायचात. इंग्लंडात बनलेली, आजोबांच्या वडिलांनी घेतलेली, आणि वयानं माझ्याहून थोडी मोठी. तिचं स्टिअरिंग मोठं, पातळ, सायीच्या रंगाचं. मधोमध बशीएवढी गोल तबकडी. ती दाबली की हॉर्न वाजतो. ही तबकडी तीन बारीक स्क्रूंनी धरून ठेवलेली असते. तीन स्क्रू, तीन भोकं आणि भोकांच्या आत आटे. आटे म्हणजे बाटलीच्या झाकणात गोल फिरत जाणाऱ्या रेघा असतात ना, त्याच, पण मुंगीच्या मापाच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी पूजेसाठी गाडी पुसत होते. दर दसऱ्याला आजोबा बाहेरून पुसतात आणि मी आतून. पुसता पुसता माझं लक्ष तबकडीकडे गेलं. तिन्ही स्क्रू वेगळे! दोघांच्या डोक्यावर नुसती एक खाच, तिसऱ्याच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह. एक काळा, एक पिवळट, एक गंजका. हळदकुंकू वाहायची ती गाडी, आणि तिच्या ऐन मध्यभागी हा गबाळेपणा. मला काही बघवेना. मी बाजारात गेले, हार्डवेअरच्या दुकानात एक जुना स्क्रू दाखवला. दुकानदारानं तो डोळ्यांजवळ धरला, दुसरा एक शेजारी धरला आणि म्हणाला, "एकदम सेम, काकी."

घरी येऊन नवे, चकचकीत, एकासारखे एक तीन स्क्रू बसवले. पहिले दोन फेरे लोण्यासारखे गेले. मग अडले. मला वाटलं, नवीन आहेत, अडणारच. मी जोर केला. मी कसं आवळते ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यानंतर घरातला नळ उघडायला आजोबांना दोन्ही हात लागतात आणि लोणच्याची बरणी उघडायला शेजारी. शेवटच्या फेऱ्याला आत काहीतरी हलकेच सुटल्यासारखं झालं आणि स्क्रू मऊ फिरला. मला वाटलं, बसला. मग दुसरा बसवला. मग तिसरा. वर कुंकवाचं बोट टेकवलं आणि झेंडूची माळ घातली. गाडी फार शोभून दिसली.

आठ दिवसांत तबकडी डुगडुगायला लागली.

आता योगायोग बघा. दसऱ्याच्या आधीच्याच आठवड्यात गाडी खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या मिस्त्रींकडे सर्व्हिसिंगला जाऊन आली होती. हे मिस्त्री आजोबांचे पंचवीस वर्षांचे. गाडीला त्यांच्याखेरीज कोणी हात लावलेला नाही. आजोबांनी तबकडी हलवून पाहिली, चष्मा काढला आणि निकाल दिला, "मिस्त्रीनं आटे खाल्ले. म्हातारा झाला तो. आता त्याच्याकडे गाडी न्यायची नाही."

मी तेव्हा तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

बोलायला हवं होतं, मान्य आहे. पण खरं म्हणजे तोवर मला स्वतःलाही पक्कं ठाऊक नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आमच्याकडे आहे, आणि ते घरात वाचलेली मी एकटी. कपाटातून काढून हॉर्नचं पान उघडलं. त्यात तबकडीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की हे स्क्रू नाजूक आहेत, अडले की थांबावं. इतकं सोपं इंग्रजी मी पाचवीच्या मुलांना शिकवत आले. पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता दिवाळी आली. मिस्त्रींचा नेहमीप्रमाणे फोन आला, आजोबांनी "हो हो, बघू" म्हणून ठेवून दिला. एकदा एवढं झाल्यावर मग सांगणं आणखीच अवघड होत गेलं.

यंदाच्या पौषात आम्ही कडावहून नवे तांदूळ घेऊन येत होतो. चार फाट्याला वळताना आजोबांनी हॉर्न दाबला आणि तबकडी उडून त्यांच्या मांडीवर पडली. मागोमाग स्प्रिंग. हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेना. समोरची म्हैस बाजूला झाली, तरी वाजतोय. म्हशीमागचा टेंपो बाजूला झाला, तरी वाजतोय. टेंपोवाल्यानं डोकं बाहेर काढलं, "ओ बाबा, झालो ना बाजूला! आता काय नाल्यात जाऊ?"

"स्प्रिंग शोध! स्प्रिंग!" आजोबा ओरडले. मी त्यांच्या पायाशी वाकले.

"ब्रेकला हात लावू नकोस!"

"मग स्प्रिंग काय डोळ्यांनी उचलू?"

शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बॅटरीची वायर काढली. इतकी शांतता झाली की सगळा फाटा आमच्याकडे बघत असल्याचं मला ऐकू आलं.

एरवी आम्ही हसलो असतो. पण तपासणीला अकरा दिवस उरले होते. इतक्या जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. गाडी तपासणीच्या मैदानात न्यायची, तिथले साहेब ब्रेक बघतात, दिवे बघतात, हॉर्न बघतात. तुमच्या बाबांचं म्हणणं होतं की आता पुरे झालं, या वयात असली गाडी कशाला. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात, ते तीनदा येऊन बघून गेले होते. आजोबांनी एका फोनमध्ये वैतागून बाबांना शब्द दिला होता, "या खेपेला नापास झाली तर देऊन टाकतो." आजोबा शब्द दिला की पाळतात. ही त्यांची एक मोठी अडचण आहे.

त्या संध्याकाळपासून घरगुती उपचार सुरू झाले. आधी भोकांत आगपेटीच्या काड्या. दाराच्या बिजागरीला हा उपाय चालतो, म्हणून तबकडीलाही चालेल असा हिशेब. तबकडी फाटकापर्यंत टिकली. मग नळवाल्यांचा उपाय, स्क्रूला सुतळी आणि सफेद्याचा पांढरा लेप. तबकडी दोन दिवस टिकली, सफेदा आजोबांच्या पँटवर अजून टिकून आहे. मग त्यांनी मोठा पाना आणि मोठी हातोडी घेऊन आख्खं स्टिअरिंगच काढलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि दोन ट्यूबांचा गोंद कालवून तबकडी चिकटवली. यावेळी ती इतकी पक्की बसली की दाबताच येईना. जिचं कामच दाबलं जाण्याचं, ती दगडासारखी झाली. मग छिन्नीनं गोंद खरवडण्यात एक दिवस गेला.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "पुण्याच्या माणसाला फोन करतो. त्याच्याकडे नवं स्टिअरिंगही असेल."

"अजून सहा दिवस आहेत."

"आटेच नाहीत, तर दिवसांचं काय करू?"

दुपारी मी पाणी द्यायला बाहेर गेले तर ते ओट्यावर बसले होते, मांडीवर स्टिअरिंग. डोळे मिटलेले. हात मात्र हळूहळू वळत होते, डावीकडे, मग उजवीकडे. ते आमच्या घाटाचं वळण होतं. मला ते वळण शेजारच्या सीटवरून पाठ आहे. मी पाणी तसंच आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत असताना मी स्टिअरिंग जुन्या साडीत गुंडाळलं, तबकडी आणि स्प्रिंग एका डबीत, तीन स्क्रू दुसऱ्या डबीत घातले, दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या आणि कर्जतहून खोपोलीची लोकल पकडली.

केळवलीला एक भाजीवाली चढली. तिनं माझ्या मांडीवरच्या गाठोड्याला बोट लावलं. "आजी, परात हाय का काय?"

"नाही. मोटारीचं स्टिअरिंग."

"आनि मोटार?"

"घरी आहे."

तिनं जरा विचार केला. "ब्येस केलंत. आता कोन चोरून न्यायचा नाय." आणि खोपोली येईपर्यंत चढणाऱ्या प्रत्येकाला तिनं माझी ही युक्ती सांगितली.

मिस्त्रींचं गॅरेज पुढे, घर मागे. मला बघून ते हातातला पाना घेऊनच उभे राहिले.

"काकी? तुमी? काका कुटं हायत?"

"घरी."

"अजून रुसलेलेच हायत काय?"

मी साडी सोडली. त्यांनी स्टिअरिंग उजेडाला नेलं, भोकात सुई फिरवली. "आटे तर साफच गेलेत. आनि घरात काय काय कोंबलंय ह्याच्यात?"

"आगपेटीच्या काड्या. सुतळी. सफेदा. गोंद."

"हळदकुंकू तेवडं र्‍हायलं."

"तेही आहे. दसऱ्याचं."

ते हसले नाहीत. मी दुसरी डबी पुढे केली. त्यांनी एक स्क्रू चिमटीत धरून फिरवला. "काकी, ही गाडी इंग्लिश. हिचे आटे इंचाच्या मापाचे. हा इस्क्रू आपला, मिलिमीटरचा. दिसायला सख्खे भाऊ. दोन फेरे गुमान जातात, मंग आतले दात खातो. माज्याकडं असला इस्क्रू हिच्यासाठी कदी नव्हता. कोनी घातला ह्यो?"

"मी."

"काय?"

"मी घातला, मिस्त्री. दसऱ्याला. आवळला पण मीच."

ते टायरांच्या चवडीवर बसले. मग मागे वळून हाक मारली, "आगं ए! जरा भायेर ये. काकी काय बोलतात ते आयक."

त्यांची बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मिस्त्री म्हणाले, "सांगा काकी, परत." इतकी वर्षं मुलांना वर्गाबाहेर उभं केलेली मी, गॅरेजच्या दारात उभी राहून पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.

"मला ठावंच व्हतं!" बायको म्हणाली. "ह्यांच्या हातून असं व्हनारच नाय."

"दोन वरसं तूच बोलत व्हतीस, तुमचं ध्यान नसतं, काका उगाच बोलतील काय!"

"ते येगळं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मिस्त्रींनी स्टिअरिंग पुन्हा माझ्या हातात दिलं. "करून देतो. पन आदी काकांना फोन लावा. हितं, माज्यासमोर. स्पीकरवर."

आता यातून सुटका नव्हती. मी फोन लावला.

"अगं, आहेस कुठे? स्टिअरिंग सापडत नाही! मी पलंगाखाली शोधलं!"

"माझ्याकडे आहे. मी शिळफाट्याला आहे, मिस्त्रींकडे."

"त्याच्याकडे? ज्यानं आटे..."

"त्यांनी नाही. मी. दसऱ्याला स्क्रू बदलले तेव्हा."

फोनमधून आमच्या घरातल्या घड्याळाची टकटक ऐकू यायला लागली.

"तिन्ही?" शेवटी आजोबांनी विचारलं.

"तिन्ही."

"एक गेल्यावर थांबायचं नाही का?"

"गेला असं वाटलं नाही हो. बसला असं वाटलं."

आतून मिस्त्रींच्या बायकोचा ठसका ऐकू आला.

"हा फोन," आजोबांनी आवाज खाली आणला, "स्पीकरवर आहे का?"

"हो."

फोन बंद झाला.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "आता काका ह्या दारात जल्मात येनार नायत."

पण त्यांनी काम सुरू केलं. गोंद, काड्या, माझं कुंकू, सगळं उकरून काढलं. भोकं एक माप मोठी करून साफ केली. तासाभरानं, पुढच्या लोकलनं, आजोबा आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. दारात थांबले. मिस्त्रींनी मान वर केली नाही. आजोबांनी घसा खाकरला, छताकडे पाहिलं, भिंतीवर टांगलेल्या इंजिनच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमच्याकडे चहा मिळतो का अजून?"

"मिळतो. बिनसाखरेचा ना?"

"आजच्यापुरती साखर चालेल."

एवढंच. मला स्पीकरवर सगळं कबूल करायला लागलं आणि यांचं साखरेवर भागलं, हे मी मनात नोंदवून ठेवलं. माझ्याकडे मात्र आजोबांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

चहाचा कप हातात येताच दोघांचा वाद सुरू झाला, आणि वाद सुरू झाला म्हणजे सगळं ठीक झालं. आजोबांचं म्हणणं, एक माप मोठा स्क्रू घालून मोकळं व्हा. मिस्त्री म्हणाले, "मंग तबकडीचं भोक बी मोटं करायचं. फुडल्या दसऱ्याला आनखी एक माप मोटा. असं करत करत काकी हितं नळाची तोटी बसवतील."

त्यांनी जे केलं ते असं. पितळेची बारीक कांडी लेथवर लावून वालाच्या दाण्याएवढे तीन दंडगोल काढले. त्यांच्या बाहेरच्या अंगाला आणि भोकांच्या आत जोडीचे आटे पाडले आणि गोंदाचं बोट लावून मोठ्या केलेल्या भोकांत फिरवून बसवले. किडलेला दात कोरून त्यावर टोपी बसवतात, तसं. मग त्या पितळेला मधोमध भोक पाडून त्याच्या पोटात, मूळ मापाचे, इंचाचे नवे आटे पाडायचे. त्यासाठी लागणारं हत्यार त्यांच्याकडे एकच होतं. खोपोलीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या इंग्रजी यंत्रांसाठी त्यांच्या वडिलांनी आणलेलं, जाड सुईएवढं. ते आत मोडलं असतं तर हत्यारही गेलं असतं आणि भोकही.

अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब. अर्धा पुढे, पाव मागे. आजोबांचा श्वास त्या फेऱ्यांबरोबर चालला होता. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला हत्यार कुरकुरलं, तेव्हा मिस्त्री थांबले, हात पुसला, पुन्हा पाव फेरा मागे घेतलं. मग ते एकदम सैल होऊन बाहेर आलं आणि मागोमाग सोनेरी भुसा पडला.

गल्ल्याखालच्या डब्यात त्यांना योग्य मापाचे तीन स्क्रू मिळाले. दोन काळे, एक पिवळट. रंगांकडे मी बघितलंच नाही. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"आवळा, काकी."

"मी?"

"तुमीच. दोन बोटांनी. मनगट लावायचं नाय. अडला का थांबायचं."

"ती थांबेल?" आजोबा म्हणाले. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मी फिरवला. स्क्रू आत गेला, अडला. माझा सगळा हात खांद्यापासून म्हणत होता, अजून एक फेरा. मी थांबले. तिन्ही वेळा थांबले. मिस्त्रींच्या बायकोनं टाळी वाजवली. आजवर मी कितीतरी परीक्षा दिल्या, पण इतका घाम कधी फुटला नव्हता.

तपासणीच्या दिवशी मिस्त्री स्वतः कर्जतला येऊन स्टिअरिंग बसवून गेले. मैदानात आमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची ही बुटकी. साहेब तरुण होते, हातात यादी, प्रत्येक ओळीपुढे बारीक खूण. मला ते फार आवडले. ब्रेक झाले. दिवे झाले. पेन्सिल खालच्या ओळीवर आली.

"हॉर्न."

आजोबांनी तबकडीवर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं, झोपलेल्या बाळाच्या गालावर ठेवतात तसं. काही वाजलं नाही.

"वाजवा ना," साहेब म्हणाले.

आजोबांनी पुन्हा बोट टेकवलं. शांतता. साहेबांची पेन्सिल यादीवर तिरकी झाली. त्या पेन्सिलीच्या टोकापाशी मला पुण्याचे ते गृहस्थ दिसायला लागले.

"अहो, दाबा की!" मी बाहेरून म्हणाले.

"आटे जातील!"

"दाबल्यानं आटे जात नाहीत! आवळल्यानं जातात!"

हे मी जरा मोठ्यानंच बोलले असेन. कारण मागच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून विचारलं, "कुणी आवळले, आजी?"

"मीच आवळले होते!" मी ओरडले. आता सांगायला कोणी उरलंच नव्हतं. "हो, मी! दाबा तुम्ही!"

आजोबांनी पंजा उघडला आणि पूर्ण तळहातानं तबकडी दाबली. मैदानातल्या कावळ्यांसकट सगळे दचकले. हात काढल्यावर आवाज थांबला, हे त्याहून महत्त्वाचं. मागच्या ट्रकनं उत्तर म्हणून स्वतःचा वाजवला, मग त्याच्या मागच्यानं. साहेबांनी कान झाकला, दुसऱ्या हातानं यादीवर खूण केली आणि म्हणाले, "पास. पण आता बंद करा, प्लीज."

आजोबांनी काही बंद केलं नाही. परतताना खालापूर मागे पडलं तरी ते हॉर्न वाजवत होते. वळणाला वाजवला, पुलाला वाजवला, किलोमीटरच्या दगडाला वाजवला. रस्ता रिकामा होता. कापणी झालेल्या भाताच्या एका खाचरात बगळा एका पायावर उभा होता, रस्त्यापासून चांगला शंभर हात आत. आजोबांनी त्यालाही वाजवला. बगळ्यानं मानसुद्धा वळवली नाही.

"बहिरा दिसतोय," आजोबा म्हणाले आणि पुन्हा वाजवला.